दोन खुर्च्यांमधलं पाणी

तरणतलावावर तिला सगळे किल्लीबाई म्हणत. ती मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसे. तिच्या लेखी माणसाची ओळख एकच, त्याच्या लॉकरचा नंबर. बारा म्हणजे लाल टोपी घालणारा ठेकेदार. किल्ली हातात पडेपर्यंत तो खिडकीच्या फळीवर बोटांनी ताल धरी. छप्पन्न म्हणजे दुसऱ्यांच्या साबणाने अंघोळ करणारी, विम्याच्या कचेरीतली बाई. एकतीस म्हणजे दातांची डॉक्टर, उतारवयात पोहायला शिकायला आलेली. चौऱ्याऐंशी म्हणजे सोफे दुरुस्त करणारा उंच, मुखदुर्बळ माणूस. जाड भिंगांचा चष्मा तो लॉकरमध्ये ठेवी आणि मग भिंत चाचपत पाण्यापर्यंत जाई. अंगावरचे कपडे आणि कपड्यांतली ऐट एकदा लॉकरमध्ये कोंबली की माणसं इथूनतिथून सारखीच ओली, असं तिचं म्हणणं होतं. नंबर तेवढा खरा.

एकोणीस वर्षं ती त्या खोलीत बसत होती. खोली कसली, कपाटाची थोरली बहीण. पुढे व्हरांड्याकडे उघडणारी खिडकी आणि तिची लाकडी फळी, पाठीशी एकशे वीस खिळ्यांवर टांगलेल्या एकशे वीस किल्ल्या, आणि डाव्या हाताला एक सरकती काच. काचेपलीकडे पाणी. क्लोरीनने डोळे चुरचुरत म्हणून काच बंद असे, पण तिची मान डावीकडे वळलेलीच असे. इतक्या वर्षांत मानेला तसा बाक आला होता.

तिचं कुणाशी पटत नसे, आणि पटवून घ्यायची तिला हौसही नव्हती.

“बाई, कधीतरी हसून किल्ली द्या की,” बारा म्हणे.

“हसायला आलात की पोहायला? मागे रांग आहे.”

घरीही काही वेगळं नव्हतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्या मागे त्या दोन खोल्यांत दोन बायका उरल्या, त्याची बायको आणि त्याची बिनलग्नाची बहीण. वन्सं घरी ब्लाउज शिवत. सुईत दोरा ओवायला जेवढी शांतता लागते तेवढीच त्या घरात असे; दोरा ओवला गेला की पुन्हा सुरू.

तलावावर पूर्वी एकच जीवरक्षक होता. त्याला सगळे थोरले म्हणत. दुपारी खुर्चीत बसून तो पेपर वाची खरा, पण एक ओळ वाचायची आणि पाणी बघायचं, एक ओळ वाचायची आणि पाणी बघायचं, असं त्याचं वाचन चाले. एक बातमी संपायला त्याला तास लागे. त्याच्या एकट्याच्या काळात कुणाच्या नाकात पाणी गेलं असेल, त्यापलीकडे काही झालं नाही.

आठ महिन्यांपूर्वी पोहणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून दुसरा आणला. हा धाकटा. त्याच्याकडे तीन प्रमाणपत्रं होती आणि ती कुणी न विचारताही कळत. तिसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर तो म्हणाला, “काका, पोटातलं पाणी काढायची तुमची ही पद्धत केव्हाच बंद झाली.”

“पद्धत बंद झाली असेल,” थोरला म्हणाला. “माणसं बुडायची बंद झाली असतील तर तसं सांग, घरी जातो मी.”

त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. व्यवस्थापकाने भांडण मिटवण्याऐवजी दुसरी उंच खुर्ची विकत आणली. एक या काठावर, एक त्या काठावर, आणि पाण्याच्या मधोमध पांढऱ्या-निळ्या गोळ्यांची तरंगती दोरी. खिडकीकडचं पाणी थोरल्याचं, भिंतीकडचं धाकट्याचं. एकाने दुसऱ्याच्या पाण्यात शिट्टी मारायची नाही, असा न बोलता करार झाला. थोरल्याच्या डोळ्यांदेखत एकजण भिंतीकडच्या काठावरून घसरून आपटला, तर थोरला जांभई देऊन दुसरीकडे बघू लागला. फाटकावर नवी पाटी लागली: आता दुप्पट सुरक्षा.

मंगळवारी दुपारी चारच्या बॅचला पाण्यात तीसेक माणसं होती. ऊन पाण्यावर पडून तुकडे तुकडे झालेलं. किल्लीबाईने छप्पन्नला साबणावरून टोकलं होतं आणि मान डावीकडे वळवली होती, तेव्हा तिला गुलाबी टोपी दिसली. दातांची डॉक्टर दोरीखालून पलीकडे निघाली होती आणि मध्येच थांबली होती. हात आपटत नव्हते की वर उठत नव्हते. पाण्याच्या आत शिडी चढल्यासारखे हलत होते आणि शिडी नव्हती. तोंड पाण्याच्या रेषेवर येई, उघडे, आणि जाई. पोहणारा श्वासासाठी तोंड बाजूला वळवतो. हे तोंड आभाळाकडे लागलं होतं.

थोरल्याने ते पाहिलं. त्याला पाहताना किल्लीबाईने पाहिलं. मग त्याने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. त्या खुर्चीतला धाकटा त्याच्याकडेच पाहत होता. बाई दोरीच्या बरोबर खाली होती.

किल्लीबाईने काच सरकवली.

“अहो, बघा कोणीतरी. ती बाई बुडतेय.”

तीस डोकी वळली. आधी तिच्याकडे, मग गुलाबी टोपीकडे, मग एकमेकांकडे. प्रत्येकाने शेजारच्या चेहऱ्यावर बुडणारी बाई शोधली आणि ती तिथे नव्हती. तिथे होता एक ओला, शांत, वाट बघणारा चेहरा. तो इतका शांत आहे म्हणजे काही विशेष नसणार. खुर्च्यांवर दोन माणसं बसलीत, तीही शांत आहेत.

किल्लीबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

“बारा. तुम्ही. जा तिकडे.”

लाल टोपीने मागे वळून पाहिलं, जणू बारा नंबर त्याच्या मागे उभा होता.

“छप्पन्न.”

“मी?” छप्पन्नने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

गुलाबी टोपी खाली गेली. पाण्यात नुसता गुलाबी डाग उरला, तोही पुसट होत चाललेला.

“चौऱ्याऐंशी,” ती म्हणाली, आणि उंच माणसाने आवाजाच्या दिशेने तोंड केलं. “उजवीकडे वळा. आणखी. समोर पाच हातांवर दोरी आहे, दोरीखाली बाई आहे. बुडी मारा.”

त्याने काही विचारलं नाही. गेला. पहिल्यांदा रिकामाच वर आला.

“डावीकडे. गुलाबी दिसतंय का काही?”

दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या काखेत डॉक्टर होती. तेव्हा कुठे दोन्ही खुर्च्यांवरून दोन शिट्ट्या एकदम वाजल्या आणि दोघांनी एकदम उडी मारली. काठावर थोरला आणि धाकटा तिच्या दोन बाजूंना बसले आणि एकमेकांचे हात बाजूला सारत तिच्या पोटातलं पाणी काढू लागले. ते निघालं. बाई खोकली, ओकली, आणि तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे तोंडावर हात धरला.

त्या दिवशी किल्ल्या परत करायला रांग लागली. एक एक किल्ली फळीवर पडत गेली, थोडी जास्तच जोरात. बारा शेवटी आला.

“चारचौघांत माणसाशी बोलायची काही रीत असते, बाई.”

“बुडायचीही असते का?” ती म्हणाली आणि किल्ली बाराच्या खिळ्यावर टांगली.

गुरुवारी अर्ज आला. चौदा सह्या. सभासदांना कुटुंबीयांसमोर कैद्यांसारखं नंबराने पुकारण्यात आलं, विनाकारण घबराट पसरवण्यात आली, आणि त्या आरड्याओरड्याने जीवरक्षकांचं लक्ष विचलित झालं, असं त्यात लिहिलं होतं. जीवरक्षकांचेही दोन वेगळे कागद होते. आठ महिन्यांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालेलं: बाई दुसऱ्याच्या हद्दीत होती, तरीही मी उडी मारणारच होतो.

व्यवस्थापकाने ते सगळं तिच्यापुढे पसरलं. “शनिवारी बसू सगळे. तोवर माफीचं पत्र आणा. नाहीतर रविवारपासून खिडकीवर दुसरी बाई असेल.”

“माफी कशाची?”

“भाषेची.”

“भाषा कुठे होती त्यात? आकडे होते.”

“हेच,” व्यवस्थापक म्हणाला. “हेच तुमचं लोकांना खुपतं.”

घरी वन्संनी यंत्र थांबवलं नाही. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला? पाणी काय तुमच्या माहेरचं होतं?”

“बाई मरत होती, वन्सं.”

“तीस जण होते ना?”

“तीस होते म्हणूनच मरत होती.”

यंत्र थांबलं. वन्संनी दातांनी दोरा तोडला. “माझ्या दोन ब्लाउजांवर हे घर चालायचं नाही, वहिनी. पत्र लिहून टाका. मी सांगते मजकूर. तुम्हाला गोड लिहिता यायचं नाही.”

“तुम्हाला येतं?”

“तुमच्यासारख्या भावजयीबरोबर अकरा वर्षं राहिले. गोड बोलायची सवय मोडली असेल, लिहायची नाही.”

पत्र लिहिलं गेलं नाही. या वयात तिला दुसरीकडे कोण कामावर बसवणार, हेही तिला ठाऊक होतं. तिला फक्त किल्ल्या येत होत्या. त्या रात्री तिने पहिल्यांदा हिशेब मांडला की आपल्या बाजूने बोलेल असा माणूस कोण, आणि बोटं मोजायला सुरुवात करावी लागलीच नाही. एकच होता.

शुक्रवारी ती चौऱ्याऐंशीच्या दुकानात गेली. एक सोफा पाय वर करून पडला होता, पोटातल्या स्प्रिंगा बाहेर. चौऱ्याऐंशी तोंडात खिळे धरून बसला होता. कपड्यांतला, चष्म्यातला तो तिला परकाच वाटला.

“उद्या याल का?” तिने उभ्यानेच विचारलं.

त्याने एक एक करून खिळे तळहातावर काढले. “मी पोहायला येतो, बाई. साक्ष द्यायला नाही.”

“तुम्ही काढलंत तिला.”

“म्हणून तर. रोज त्याच लोकांत उतरायचंय मला. कालपासून माझ्याशीही कुणी बोलत नाही. मी कसलं पाप केलं, मला कळत नाही.”

“तुम्ही गेलात, ते गेले नाहीत. दुसरं काय.”

त्याने हातातले खिळे खाली ठेवले. मग सोफ्याच्या पोटात हात घालून एक स्प्रिंग दाबत म्हणाला, “मी काही शूर नाही, बाई. चष्म्याशिवाय मला हातभर पलीकडचं दिसत नाही. तुम्ही ओरडलात तेव्हा बाकीच्यांचे चेहरे मला दिसलेच नाहीत. दिसले असते तर मीही थांबलो असतो.”

किल्लीबाईला त्याचा राग आला आणि तो खरं बोलला म्हणून त्या रागाला धरायला जागा सापडेना.

“येईन,” तो म्हणाला. “बोलेनच असं नाही.”

शनिवारी कचेरीत सात खुर्च्या मांडल्या होत्या. व्यवस्थापक, अर्जदारांच्या वतीने बारा आणि छप्पन्न, दोघे जीवरक्षक मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून, दाराशी चौऱ्याऐंशी. किल्लीबाईला बसायला सांगायचं राहून गेलं. दातांची डॉक्टर शेवटी आली. तिच्या आवाजात अजून खरखर होती. व्यवस्थापकाने उठून त्या रिकाम्या खुर्चीत तिला बसवलं आणि तिचा कागद वाचून दाखवला. माझा पाय घसरला. थोडं पाणी नाकातोंडात गेलं. मी स्वतः सावरले असते. कुणाबद्दलही तक्रार नाही.

“म्हणजे अपघात झालाच नाही,” व्यवस्थापक म्हणाला. “उरला फक्त आरडाओरडा. कुणाला काही सांगायचंय?”

कुणालाच नव्हतं. पंखा फिरत होता. चौऱ्याऐंशी चष्मा काढून पुसू लागला, पुसतच राहिला. किल्लीबाईने त्या खोलीकडे पाहिलं आणि तिला वाटलं, पाणी नसलं तरी हेच. सगळे कोरडे बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. आता मी चाललेय खाली.

बाराला ती शांतता जिंकल्यासारखी वाटली असावी. तो डॉक्टरकडे वळून मोठेपणाने म्हणाला, “मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही एक हाक जरी मारली असतीत ना, आम्ही सगळे धावलो असतो.”

डॉक्टरने मान त्याच्याकडे वळवली.

“हाकेला हवा लागते,” ती म्हणाली.

“नाही, म्हणजे—”

“मी तुम्हाला बघत होते. तोंड वर आलं की तुम्ही दिसायचात. तुम्ही एका पायावर उभं राहून कानातलं पाणी काढत होतात. आधी डाव्या, मग उजव्या.” ती छप्पन्नकडे वळली. “तुम्ही टोपीत केस घालत होतात. तीनदा घातलेत.” मग तिने आपल्या दोन्ही बाजूंना पाहिलं. “आणि हे दोघं. हे एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, मला बघताहेत.”

थोरल्याने मान खाली घातली. धाकटा भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघू लागला.

“पण तुम्हीच लिहून दिलंय,” व्यवस्थापक म्हणाला.

“लाजेने दिलं. इथल्या निम्म्या लोकांच्या दाढा मी काढल्यात. त्यांच्यासमोर तोंड वासून मरायला आले होते, ते झाकायचं होतं मला.” तिने हात पुढे केला. व्यवस्थापकाने नाइलाजाने कागद दिला. तिने त्याच्या चार घड्या केल्या आणि पर्समध्ये टाकला. “मी बुडत होते. तळाला लागले होते. या गृहस्थांनी काढलं, आणि यांना या बाईंनी पाठवलं. आता लिहा तुम्हाला काय लिहायचंय ते.”

“बरोबर आहे,” चौऱ्याऐंशी दारातून म्हणाला. इतक्या हळू की दोनदा म्हणावं लागलं.

अर्ज निकाली निघाला. बारा निघताना कुणाकडे न बघता गेला. डॉक्टर किल्लीबाईसमोर थांबली तेव्हा किल्लीबाईला वाटलं, आता ही आभार मानणार, आणि तिला उगाच अवघडल्यासारखं झालं.

“माझा लॉकर दुसऱ्या कुणाला द्या,” डॉक्टर म्हणाली. “मी इथे पुन्हा यायची नाही. पाण्यामुळे नाही, ही तोंडं मला बघवणार नाहीत. तुमचंसुद्धा.”

“ठीक आहे,” किल्लीबाई म्हणाली. तिला ते आवडलं नाही, पण पटलं.

घरी वन्संनी सगळं ऐकून घेतलं, खोदून खोदून दोनदा ऐकलं, आणि म्हणाल्या, “म्हणजे खिडकी राहिली. पण खुर्च्या?”

“खुर्च्यांचं काय?”

“त्या आहेत तिथेच ना? मग पुढल्या वेळी कोण बुडणार ते तेवढं ठरायचंय.” आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

रविवारी चार वाजता खिडकी उघडली नाही. रांग व्हरांड्याबाहेर गेली. आधी टकटक झाली, मग थापा, मग बाराचा आवाज.

“काय चाललंय हे? किल्ल्या काय हिच्या बापाच्या आहेत?”

“किल्ल्या तलावाच्या आहेत,” ती आतून म्हणाली. “मी नुसती देते. आज देत नाहीये.”

व्यवस्थापक धावत आला आणि बंद खिडकीला तोंड लावून बोलू लागला. “कालच तर सुटलात, बाई. पुन्हा अंगाशी येईल.”

“येऊ दे. दोघं दोन काठांवर बसणार असतील तर एक किल्ली हलणार नाही. एकाने बसायचं, दुसऱ्याने फाटकाबाहेर जायचं. तासाने बदली.”

“एकच जीवरक्षक ठेवायचा? लोक म्हणतील सुरक्षा निम्मी केली.”

“दोघं असले की प्रत्येकाला वाटतं, पाणी दुसऱ्याचं आहे. एक असला की त्याला तसं वाटायची सोय नाही. पाटीवर काय लिहायचं ते तुम्ही बघा.”

रांगेतून शिव्या आल्या. कुणी म्हणालं, फोडा ती खिडकी. कुणी म्हणालं, हिला डोक्यावर चढवलीत तुम्हीच. पण खिडकी फोडायला पुढे कुणी आलं नाही. प्रत्येकजण पुढच्याची वाट बघत होता. किल्लीबाई आत बसून ते ऐकत होती. आज पहिल्यांदा तिला लोकांच्या त्या सवयीचा उपयोग झाला.

दहा मिनिटं गेली. भांडण काठापर्यंत ऐकू जात होतं. मग काचेतून तिला दिसलं की धाकटा त्याच्या खुर्चीवरून उतरला. काठाला वळसा घालून थोरल्याच्या खुर्चीखाली येऊन उभा राहिला. काचेला एक फट होती, त्यामुळे शब्दही ऐकू आले.

“काका, हा तास तुमचा. मी फाटकाबाहेर आहे.”

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. “पाचला येशील?”

“पाचला.”

“सव्वापाच नाही.”

“पाच म्हटलं ना.”

धाकटा टॉवेल खांद्यावर टाकून निघाला. तो फाटकाबाहेर जाऊन फाटक लागेपर्यंत किल्लीबाई थांबली, मग तिने खिडकी उघडली. बाराने किल्ली अशी ओढली की तिच्या बोटाला ओरखडा उठला. पुढच्यांनीही काही वेगळं केलं नाही. चौऱ्याऐंशी आला, किल्ली घेतली, आणि तोही मान खाली घालून पुढे गेला.

माणसं पाण्यात उतरली. थोरला खुर्चीत टेकून बसला नव्हता, कडेवर पुढे सरकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. दोरी अजून तशीच तरंगत होती. त्याची नजर पाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती, परत येत होती, आणि दोरीशी थांबत नव्हती.